चोरी थांबते, की शेजारच्या दारी जाते?

कल्याण, डोंबिवली आणि ठाणे या स्थानकांच्या बाहेर रोज पहाटेपासून दुचाकींच्या रांगा लागतात. रेल्वे १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आली. परंतु स्थानकापासून घरापर्यंतचे अंतर कामगाराने कसे काटावयाचे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सार्वजनिक वाहतुकीने आजतागायत दिलेले नाही. ते उत्तर नांदिवलीच्या, खडकपाड्याच्या, कासारवडवलीच्या नोकरदाराने स्वतःच्या खिशातून आणि बहुधा कर्ज काढून दिले आहे. त्याची स्कूटर वा मोटारसायकल ही चैनीची वस्तू नव्हे. ती त्याच्या रोजगाराचे साधन आहे. घरोघर माल पोहोचविणारा तरुण आणि रिक्षाचालक यांच्या बाबतीत तर वाहन हाच रोजगार आहे. म्हणूनच वाहनचोरी हा आपल्या भागात केवळ फौजदारी कायद्याचा विषय राहत नाही. तो कष्टकऱ्यांच्या जीवनमानाचा प्रश्न बनतो.

चोरी झाल्यावर कोणाचे किती जाते, हे प्रथम पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ अन्वये सक्तीचा आहे तो त्रयस्थ पक्षाचा विमा. त्यात चोरीची भरपाई नसते. भरपाई देणारा सर्वंकष विमा ऐच्छिक असतो आणि वाहन जुने झाले की पैसे वाचविण्यासाठी पहिली काट त्याच्यावर बसते. मोटारीच्या मालकाची मोटार गेली तर त्याला मनस्ताप होतो आणि काही महिन्यांनी विमा कंपनीचा धनादेश येतो. सहा वर्षे वापरलेली दुचाकी गेली तर धनादेश येत नाही. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून रिक्षाभाड्याची भर पडते. चोर एकच असला तरी चोरीचा भार वर्गावर्गाने निराळा पडतो, ही गोष्ट वाहनचोरीविषयीच्या चर्चेत सहसा कोणी बोलत नाही.

या परिस्थितीवर बाजाराने आपले उत्तर तयार ठेवले आहे. जी.पी.एस. यंत्र बसवा, मोबाइलवर गाडी पाहा आणि निश्चिंत झोपा, असे त्या उत्तराचे स्वरूप आहे. ज्याची गाडी गेली त्यालाच आता विचारले जाते, ‘यंत्र का बसवले नव्हते?’ पाहता पाहता शासनाची जबाबदारी नागरिकाच्या निष्काळजीपणात रूपांतरित होते. यंत्रांना विरोध करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. परंतु कोणते यंत्र काय करते, कोणासाठी करते आणि त्याचा खर्च कोणावर पडतो, याची तुलना जाहिरातदारांवर सोपविणे योग्य होणार नाही.

जी.पी.एस. यंत्राचे काम साधे आहे. ते उपग्रहांचे संकेत घेऊन आपले ठिकाण ठरविते आणि आतील सिमकार्डाच्या साहाय्याने मोबाइल जाळ्यावरून ते मालकाला कळविते. ठिकाण अचूक मिळते, हा त्याचा मोठा गुण. परंतु उपग्रहाकडून येणारा संकेत फार क्षीण असतो; तळघरात वा लोखंडी कंटेनरमध्ये तो पोहोचत नाही, आणि त्याला गुदमरवून टाकणारी लहान जॅमर यंत्रे चोरांना मिळतात. गाडीच्या बॅटरीची तार तोडली की यंत्र आपल्या राखीव बॅटरीवर काही काळच तग धरते. शिवाय यंत्राच्या किमतीबरोबर दर वर्षाची वर्गणी येते. वर्गणी थकली की पाळत संपली.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ साली ‘लोजॅक’ नावाची निराळी व्यवस्था सुरू झाली. तीत उपग्रहांचा संबंध नव्हता. गाडीत एक रेडिओ संच दडवून ठेवावयाचा. मालकाने तक्रार दिली आणि गाडीचा क्रमांक पोलिसांच्या चोरीच्या यादीत चढला की तो संच जागा व्हावयाचा, आणि पोलिसांच्या गाड्यांवरील ग्राहकयंत्रे त्याचा माग काढावयाची. हा संकेत भिंती व पत्रे भेदून जातो. परंतु या पद्धतीचा खरा आधार पोलीस यंत्रणाच होती. मालकाच्या हातात मोबाइल देऊन ‘तूच शोध’ असे तेथे म्हटलेले नव्हते.

अगदी अलीकडचा प्रकार म्हणजे २०२१ साली आलेल्या एअरटॅगसारख्या बटणाएवढ्या पट्ट्या. त्यांना वर्गणी नाही; आसपासच्या लोकांच्या मोबाइलच्या मदतीने त्या आपला पत्ता कळवितात. पण हीच पट्टी एखाद्या स्त्रीच्या पिशवीत टाकून तिचा पाठलाग करता येतो. म्हणून ‘अनोळखी पट्टी तुमच्यासोबत फिरत आहे’ अशी सूचना मोबाइलवर देण्याची सोय करावी लागली. ही सूचना पाठलाग होणाऱ्या स्त्रीला मिळते तशी चोरालाही मिळते. स्त्रीच्या सुरक्षिततेपुढे दुचाकीची सुरक्षितता दुय्यम मानली गेली, हे योग्यच झाले. मात्र या पट्टीवर विसंबता येत नाही, हेही त्याबरोबर मान्य केले पाहिजे.

आता शासनाने काय केले ते पाहू. सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र आणि संकटकाळचे बटण असावे, असा नियम केंद्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये केला आणि नव्या वाहनांसाठी तो १ जानेवारी २०१९ पासून अंमलात आला. त्यातून दुचाकी, ई-रिक्षा आणि तीनचाकी वाहने वगळलेली आहेत. पथकरासाठी फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला. चोरीची मोटार नाक्यावरून गेली तर मालकाच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा संदेश येतो आणि नकळत माग लागतो. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर पथकर नाही, म्हणून फास्टॅगही नाही. म्हणजे ज्या दोन वाहनांवर कल्याण-डोंबिवलीचा कष्टकरी जगतो, ती दुचाकी आणि ती रिक्षा, या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेरच राहिली. रिक्षाचालकावर आणखी एका सक्तीच्या यंत्राचा खर्च पडू नये, ही भूमिका समजण्यासारखी आहे; परंतु खर्च शासनाने उचलावा, हा पर्याय कोणी विचारातच घेतला नाही.

सर्वांना लागू होणारी एक व्यवस्था मात्र आली आहे, ती उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीची. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ती कारखान्यापासूनच मिळते. जुन्या वाहनांनी ती बसवावी यासाठी महाराष्ट्र शासनाने दिलेली मुदत २०२५ मध्ये वारंवार वाढवावी लागली. दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० रुपये आणि मोटारीला ७४५ रुपये, वर वस्तू व सेवा कर, असा दर शासनाने ठरविला. एकदा बसविलेली पट्टी काढली तर तिचे कुलूप मोडते, तिच्यावर लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि म्हणून बनावट क्रमांक लावून चोरीची गाडी फिरविणे अवघड होते. ही उपयुक्त गोष्ट आहे. पण जी गाडी फिरविण्यासाठी चोरलेलीच नाही, जी दोन दिवसांत सुटी करून भागाभागाने विकावयाची आहे, तिला क्रमांकपट्टी काय वाचविणार? तिच्यासाठी सूक्ष्मबिंदूंची कल्पना आहे. डोळ्याला न दिसणारे हजारो क्रमांकित बिंदू गाडीच्या सर्व भागांवर फवारावयाचे, म्हणजे सुटा भागही आपला मूळ मालक सांगू शकतो. त्याविषयी केंद्राने २०१९ साली मसुदा काढला. मात्र सुटा भाग विकत घेणाऱ्याला कोणी विचारणारच नसेल, तर ते बिंदू वाचणार कोण?

या सर्व साधनांची तुलना ‘कोणते यंत्र गाडी हमखास शोधते’ एवढ्याच निकषावर केली, तर आपण विक्रेत्याच्या दुकानातच उभे राहतो. समाजवाद्याने लावावयाचा निकष दुसरा आहे. त्या यंत्रामुळे चोरी कमी होते, की केवळ शेजारच्या दारी जाते?

या प्रश्नाचा अनुभव जगाने घेतलेला आहे. पश्चिम जर्मनीने १९६३ पर्यंत स्टिअरिंगचे कुलूप सर्व मोटारींना, नव्या आणि जुन्या दोन्हींना, सक्तीचे केले. तेथे मोटारचोऱ्या घटल्या आणि घटलेल्याच राहिल्या. ब्रिटनने १९७१ साली तेच कुलूप फक्त नव्या मोटारींना लावले. नव्या मोटारींच्या चोऱ्या कमी झाल्या, पण चोर जुन्या मोटारींकडे वळले. जुनी मोटार कोणाकडे असते, हे सांगावयास नको. कुलूप तेच होते. एका देशात ते सर्वांचे झाले, दुसऱ्या देशात ज्याला नवी मोटार परवडते त्याचे झाले. परिणामातील सगळा फरक एवढ्यातूनच निर्माण झाला.

लोजॅकचा अनुभवही हेच सांगतो. इयन आयर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, संच कोणत्या गाडीत आहे हे चोराला बाहेरून कळत नसल्यामुळे त्याला प्रत्येकच गाडीची भीती वाटू लागली, आणि ज्यांनी तो बसविला नव्हता त्यांच्याही गाड्या वाचल्या. संच बसविणाऱ्याच्या पदरात त्याच्या एकूण सामाजिक लाभाचा दहावा हिस्साही पडत नव्हता. म्हणूनच, बाजारावर सोडले तर असे संच समाजाला हवे तितके कधीच बसणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे लेखक समाजवादी नव्हेत. तरीही सार्वजनिक हिताची वस्तू बाजार पुरेशी निर्माण करीत नाही, हे आपले म्हणणे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केले. पुढे मेक्सिकोत हाच संच काही राज्यांत फोर्डच्या विशिष्ट नव्या मॉडेलांना लावण्यात आला. कोणत्या मॉडेलात तो आहे हे उघड होते. त्या मॉडेलांच्या चोरीचा धोका ४८ टक्क्यांनी घटला. पण चोऱ्यांचा काही भाग जेथे ही व्यवस्था नव्हती त्या राज्यांत सरकला. दडलेले साधन सर्वांचे रक्षण करते, तर मिरविलेले साधन आपल्या मालकाचे रक्षण करून चोराला पुढचे घर दाखविते.

आणि सर्वात स्वस्त साधनाची कथा तर यंत्राची नाहीच. पश्चिम जर्मनीत १९८० साली हेल्मेट न घालणाऱ्या दुचाकीस्वाराला जागच्या जागी दंड सुरू झाला. हेतू अपघातातील डोकी वाचविण्याचा होता. परंतु हाती लागेल ती दुचाकी पळविणाऱ्याजवळ हेल्मेट नसे आणि तो चौकातच अडविला जाई. १९८० मध्ये सुमारे दीड लाख असलेल्या दुचाकीचोऱ्या १९८६ पर्यंत सुमारे चोपन्न हजारांवर आल्या. एका साध्या नियमाच्या सरसकट अंमलबजावणीने जे साधले, ते विकत घेतलेल्या कोणत्याही यंत्राला साधलेले नाही. आपल्याकडे हेल्मेटचा कायदा आहे. पण त्याची अंमलबजावणी मोहिमेपुरती आणि वसुलीपुरती होते, म्हणून तिचा चोराला धाक नाही.

हा निकष घेऊन आपल्या भागाकडे वळू. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे, भिवंडी, उल्हासनगर, कल्याण व डोंबिवली ही शहरे येतात. परंतु शीळफाटा ओलांडून महाप्याकडे गेले की नवी मुंबई आयुक्तालय लागते, मुरबाड-शहापूरकडे गेले की ठाणे ग्रामीण पोलीस. नाशिक महामार्ग, माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता आणि भिवंडीच्या गोदामांचे रस्ते अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहेत. चोराला हद्द नाही आणि तक्रारदाराला मात्र प्रत्येक पायरीवर हद्द आडवी येते, ही जुनी तक्रार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने कोणत्याही ठाण्यात, हद्द कोणतीही असली तरी, खबर देण्याचा अधिकार मान्य केला आहे. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते; मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. हा अधिकार रात्रपाळीहून परतलेल्या कामगाराला माहीत असतो काय? त्याला तो माहीत करून देणे हे आपले काम आहे. पहिल्या दोन तासांत दिलेली खबर ही कोणत्याही वर्गणीच्या यंत्राइतकीच मोलाची असते.

गाडी सापडणे आणि गाडी परत मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचाही विसर पडू देता कामा नये. पोलीस ठाण्यांच्या आवारात मुद्देमाल म्हणून पडलेल्या, पावसाळ्यामागून पावसाळे सोसून गंजलेल्या दुचाकी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २००२ रोजी सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात स्पष्ट सांगितले की, अशी वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही. छायाचित्रे व पंचनामा करून, योग्य हमी घेऊन ती सत्वर सोडावीत. आता नव्या संहितेच्या कलम ४९७ ने वस्तू न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत तिची नोंद आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा आदेश, अशी मुदतच घातली आहे. उपग्रहाने पाच मिनिटांत शोधलेली गाडी कागदपत्रांपायी पाच महिने अडकणार असेल, तर त्या उपग्रहाचा कामगाराला काय उपयोग? विम्याच्या बाबतीतही असेच आहे. पोलिसांत वेळेवर फिर्याद दिली असेल तर कंपनीला उशिरा कळविले एवढ्या कारणावरून चोरीचा दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात ठरविले आहे. न्यायालयाने दिलेले हे अधिकार लोकांच्या हाती पोहोचलेच नाहीत, तर त्यांचा लाभ ज्याला वकील परवडतो त्यालाच होईल.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. चौकाचौकांत क्रमांक वाचणारे कॅमेरे बसवा म्हणजे प्रश्न मिटला, असे आपले काही सहानुभूतीदारही म्हणतात. हे तंत्र ब्रिटनमध्ये १९७६ साली विकसित झाले आणि चोरीची गाडी ओळखण्यात ते निःसंशय उपयोगी आहे. दुचाकी आणि रिक्षाही त्याच्या दृष्टीतून सुटत नाही, हा त्याचा गुणच आहे. परंतु तो कॅमेरा चोरीच्या गाडीबरोबर मोर्चाला निघालेल्या कार्यकर्त्याची, संपाच्या बैठकीला जाणाऱ्या कामगाराची आणि वार्ताहराचीही नोंद ठेवतो. आणीबाणीची एकवीस महिने झळ सोसलेल्या चळवळीला हे सांगण्याची गरज नसावी. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. पण २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने शासनाला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार ठेवला आहे. म्हणून आपली मागणी मोजकी आणि नेमकी असावी. कॅमेऱ्याने क्रमांक चोरीच्या यादीशी ताडून पाहावा, जुळला तर पोलिसांना कळवावे आणि न जुळलेली नोंद तत्काळ पुसून टाकावी. चोर पकडण्याच्या नावाने सर्व नागरिकांच्या येण्याजाण्याची वही राखण्याचा परवाना आपण कोणालाही देता कामा नये.

तर मग कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली मागणी कल्याण-डोंबिवली आणि ठाणे या दोन्ही महानगरपालिकांकडे व रेल्वेकडे आहे. प्रत्येक स्थानकाशेजारी राखणदार असलेला, पावती देणारा आणि पावतीशिवाय गाडी बाहेर न सोडणारा दुचाकी वाहनतळ हवा. आज जेथे पैसे घेऊन गाडी ठेवतात तेथेही ‘जबाबदारी मालकाची’ असा फलक असतो. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलने ताब्यात घेतलेली पाहुण्याची मोटार चोरीस गेली, तेव्हा असा फलक हॉटेलला जबाबदारीतून सोडवीत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिला. तेथे किल्ली हॉटेलच्या ताब्यात दिलेली होती, हे खरे. स्थानकावरच्या वाहनतळाला तो निकाल आपोआप लागू होणार नाही. म्हणूनच ही जबाबदारी ठेकेदाराच्या करारातच अट म्हणून घातली गेली पाहिजे. पंचतारांकित हॉटेलातील पाहुण्याच्या मोटारीला जे संरक्षण मिळते, ते लोकलच्या पासधारकाच्या दुचाकीला का मिळू नये?

दुसरी मागणी सुट्या भागांच्या बाजाराविषयी आहे. चोरीचा माल विकला जातो म्हणून चोरी होते. ब्रिटनने २०१३ साली भंगार व्यापाऱ्यांना परवाना आवश्यक करून धातूची रोख खरेदी बंद केली. आपल्याकडेही जुने भाग घेणाऱ्याने विकणाऱ्याचे नाव, गाडीचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदवहीत लिहावा, आणि तो राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या ‘वाहन समन्वय’ यादीशी ताडून पाहावा. यात लहान गॅरेजवाल्याचा छळ होणार नाही, हे आपणच पाहिले पाहिजे. नोंदवही ही त्याला पोलिसी त्रासापासून वाचविणारी ढाल ठरावी.

तिसरी मागणी अशी की, दुचाकी व रिक्षा यांच्यासाठी दडवून बसविता येणारे साधे मागदर्शक संच कारखान्यातच बसवावेत आणि त्यांच्या वापराची वर्गणी मालकावर न टाकता ती सार्वजनिक व्यवस्था म्हणून चालवावी. संच एरवी मुका राहील आणि मालकाच्या तक्रारीनंतरच बोलू लागेल, अशी त्याची रचना कायद्याने बांधून द्यावी. लोजॅकने चाळीस वर्षांपूर्वी जे करून दाखविले, ते करण्यास आपल्या अभियंत्यांना अडचण पडू नये.

या मागण्या मोठ्या क्रांतीच्या नाहीत, हे खरे. परंतु रोजच्या जगण्यातील भीती कमी करण्याचे काम क्षुद्र समजणारा पक्ष लोकांच्या जवळ जात नाही. रामनगर, विष्णुनगर, मानपाडा, कोळसेवाडी, बाजारपेठ या पोलीस ठाण्यांच्या हद्दींत आपल्या शाखांनी एवढे तरी काम हाती घ्यावे. ज्यांची वाहने गेली त्यांची यादी करावी, ज्यांची सापडूनही परत मिळालेली नाहीत त्यांचे अर्ज न्यायालयात नेऊन द्यावेत आणि ती यादी घेऊन पोलीस आयुक्त व महापालिका आयुक्त यांच्यासमोर उभे राहावे. एकेकट्याने घेतलेले कुलूप चोराला पुढच्या दाराकडे पाठविते, आणि ते पुढचे दार आपल्याच एखाद्या साथीचे असते.